झुंबराचं माप कुठे चुकतं, आणि टांगून झाल्यावर चूक कशी निस्तरायची

खोक्यातून काढताना झुंबर अवाढव्य वाटतं. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, लोलक एकमेकांत अडकलेले, वेष्टनाच्या कागदांनी निम्मी खोली भरलेली. मग ते वर जातं, वायरमन शिडीवरून उतरून बटण दाबतो आणि दोन मिनिटांत घरातलं कोणीतरी हळूच विचारतं, "जरा छोटं नाही वाटत?" नाहीतर आठवड्याभरात एखाद्या उंच पाहुण्याचं डोकं त्यावर आपटतं.

मी घरांच्या लाइटिंगची कामं करते. ही तक्रार इतक्यांदा ऐकलीये की आता फोनवर दोन-तीन प्रश्न विचारले तरी घोळ कुठे झालाय ते बहुतेक वेळा कळतं. पण हे शहाणपण आयतं आलेलं नाही. माझ्या स्वतःच्या घरात १५ बाय १८ फुटांच्या खोलीत मी २० इंचांचं झुंबर लावून बसले होते. दुकानात काउंटरवर ठेवलेलं पाहिलं, आवडलं, उचलून आणलं. छताला गेलं आणि त्याचं लॉकेट झालं. दोन वर्षं रोज मान वर करून पाहत होते.

झुंबर निवडताना सगळे झुंबराकडे बघतात. ते जिथे लटकणार तिथे त्याच्या वर, खाली आणि बाजूला किती जागा आहे, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. दुकान तर दोन्हीकडून फसवतं. काउंटरवरचं झुंबर आपण हातभर अंतरावरून, डोळ्यांच्या रेषेत पाहतो, म्हणून ते भव्य दिसतं. तेच पंधरा फूट उंच छताला, इतर चाळीस झुंबरांच्या गर्दीत टांगलेलं असलं की चिमुकलं दिसतं, आणि मग माणूस घाबरून एक माप मोठं उचलतो.

आधी हिशेब, मग नजर

पाया म्हणून एक सोपा हिशेब आहे. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, दोन्हींची बेरीज करा. जो आकडा येईल तितक्या इंचांचा व्यास. १२ बाय १४ ची खोली असेल तर २६ इंच. मीटरमध्ये मोजणार असाल तर बेरजेला ८.३ ने गुणा, उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळेल. ३.६ बाय ४.२ मीटर म्हणजे ७.८, आणि गुणाकार जवळपास ६५ सेंमी. फूट मिळवून इंच कसे काय येतात, असं कोणी विचारलं तर त्यामागे काही शास्त्र नाही. अनुभवाने बसलेला आडाखा आहे, आणि बऱ्यापैकी बसतो. दोन-तीन इंच इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

माझ्या खोलीला हा हिशेब लावा: १५ अधिक १८, ३३ इंच. मी लावलं होतं २० चं. "तेरा इंचांनी काय फरक पडतो" असं तेव्हा वाटलं होतं. पण खालून पाहताना डोळ्याला व्यास दिसत नाही, त्या वर्तुळाने व्यापलेली जागा दिसते. ती व्यासाच्या वर्गाने वाढते. ३३ इंचांचं वर्तुळ २० इंचांच्या वर्तुळापेक्षा पावणेतीन पट मोठं. म्हणून झुंबर "जरा" लहान घेतलं की ते जरा नाही, भलतंच लहान दिसतं.

आता हा हिशेब जिथे गोत्यात आणतो ती ठिकाणं. लांबट, बोळासारखी खोली घ्या. १० बाय २४ ची बेरीज ३४, पण दहाच फूट रुंदीत ३४ इंचांचं झुंबर म्हणजे रुंदीचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग त्यानेच खाल्ला. अशा खोलीचे मनातल्या मनात दोन तुकडे करा, १० बाय १२ चे, आणि २२ इंचांची दोन लावा. दुसरी फसगत मोकळ्या, भिंत नसलेल्या हॉलमध्ये होते, जिथे बसण्याची जागा, जेवायचं टेबल आणि स्वयंपाकघर सलग असतं. तिथे अख्ख्या हॉलची बेरीज करायची नाही. सोफा आणि खुर्च्यांनी जेवढी जागा वेढलेली आहे, तेवढीच खोली धरायची.

डोक्याला लागतंय

व्यासाचा घोळ डोळ्यांना खुपतो, उंचीचा डोक्याला. उंचीसाठीही आडाखा आहे: छताच्या प्रत्येक फुटामागे झुंबराची अडीच ते तीन इंच उंची. छत ९ फुटांचं असेल तर साडेबावीस ते सत्तावीस इंच. पण इथे लगेच दुसरा नियम आडवा येतो. माणसं जिथून चालणार तिथे झुंबराचं सगळ्यात खालचं टोक जमिनीपासून निदान ७ फुटांवर हवं. ९ फूट म्हणजे १०८ इंच, त्यातून ७ फुटांचे ८४ गेले, उरले २४. या चोवीस इंचांत छताला चिकटणारी वाटी, निदान दोन-तीन कड्यांची साखळी आणि खालचा लोंबणारा शेवटचा लोलक, सगळं बसवायचंय. म्हणजे झुंबराचं अंग १८ ते २० इंचांचंच. आडाखा २७ म्हणो, जागा २० च म्हणते, आणि अशा वेळी जागेचंच ऐकायचं.

१० फुटी छताला ३६ इंच मिळतात, तिथे २५ ते ३० इंचांचं झुंबर थोड्या साखळीसकट नीट बसतं. ८ फुटी छताला उरतात फक्त १२ इंच. खरं सांगायचं तर ८ फुटी छताखाली, ये-जा असलेल्या जागी झुंबराचा हट्ट सोडावा आणि छतालगत बसणारा प्रकार घ्यावा. लोकांना हे आवडत नाही, ठाऊक आहे. तरीही झुंबरच हवं असेल तर ते अशा ठिकाणी टांगा जिथून कोणी चालतच नाही: जेवायच्या टेबलावर, किंवा सोफ्यासमोरच्या बैठ्या टेबलाच्या मध्यावर.

इथेच खोक्यावरच्या आकड्यांचा सापळा असतो. उंची म्हणून जो आकडा छापलेला असतो तो कधी नुसत्या अंगाचा असतो, कधी साखळी पूर्ण सोडून धरलेली एकूण उंची असते. "उंची १५० सेंमी" वाचून घाबरून परत फिरलेली माणसं मी पाहिलीत. त्यातली ९० सेंमी नुसती साखळी होती, आणि साखळी कमी करता येते. उलटही होतं. अंगाची उंची वाचून आणतात आणि वाटी-साखळीचे सहा-सात इंच मोजायचे राहून जातात. विकणाऱ्याला तीन आकडे वेगवेगळे विचारा: अंगाची उंची, साखळी कमीत कमी किती करता येते, आणि व्यास लोंबणारे लोलक धरून की सोडून.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोवर बिलकुल विसंबू नका. पुष्कळदा झुंबर कुठल्यातरी प्रशस्त दालनाच्या फोटोत चिकटवलेलं असतं. पण फोटोतच एक मोजपट्टी लपलेली असते, ती म्हणजे बल्ब. मेणबत्तीच्या आकाराचा जो बारीक होल्डरचा, ई-१४ जातीचा बल्ब असतो, तो साधारण १० सेंमी लांब आणि साडेतीन सेंमी जाड असतो. स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून एका बल्बची लांबी खूण करा आणि झुंबराच्या रुंदीत तशा किती खुणा बसतात ते मोजा. साडेचार बसल्या तर ते झुंबर ४५ सेंमीच्या आसपासचं आहे, मग फोटोतला सोफा त्याच्यापुढे कितीही केविलवाणा दिसो. हा खेळ मी हौसेने करते, आणि वर्णनातलं माप अन् फोटोतलं माप जुळत नसलं तर ते लगेच उघडं पडतं.

टेबलावर टांगलेलं

जेवायच्या टेबलावर खोलीचा हिशेब विसरायचा. तिथे मालक टेबल. टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत झुंबराचा व्यास ठेवा. ३६ इंच रुंद टेबलाला १८ ते २४. दोन्ही कडांपासून निदान सहा-सहा इंच आत राहिलं पाहिजे, नाहीतर उठताना कपाळ लागतं. त्यामुळे ३६ च्या टेबलाला २४ ही हद्दच झाली. टेबल लांबच लांब असेल तर एका गोलाऐवजी लांबट झुंबर किंवा दोन छोटी बरी. एकच गोल लावलं तर टोकाला बसलेल्यांच्या वाट्याला अंधार येतो.

खालचं टोक टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंच वर. हे माप ८ फुटी छताचं. छत त्याहून उंच असेल तर प्रत्येक जादा फुटामागे तीनेक इंच वर चढवा. पण आकडा लिहून वायरमनच्या हाती देऊन मोकळं होऊ नका. साखळी पक्की करायच्या आधी दोघांनी समोरासमोर खुर्चीत बसा आणि तिसऱ्याला झुंबर हळूहळू वर-खाली करायला सांगा. समोरच्याचा चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि उघडा बल्ब थेट डोळ्यांत येता कामा नये. एकाच घरात आजी आणि सहा फुटी नातू बसत असतील तर नातवाचं ऐका, आजीचं काही अडत नाही.

टेबलाचा नेहमीचा रोग म्हणजे मध्य न जुळणं. वायरचा पॉइंट खोलीच्या मध्यावर, टेबल मात्र भिंतीकडे सरकलेलं. झुंबर तिरकं लोंबतंय असं वाटत राहतं, पण ते सरळच असतं, वाकडं टेबल असतं. त्याहून वाईट म्हणजे टेबल कायमचं हलवलं जातं आणि पाच-साडेपाच फुटांवर लोंबणारं झुंबर वाटेत उघडं पडतं. इलाज सोपा आहे. टेबलाच्या मध्यावर ओळंबा धरून छतावर खूण करा, तिथे वेगळा हुक पक्का करा, आणि साखळी-वायर मूळ पॉइंटपासून त्या हुकापर्यंत सैल झोळ देऊन न्या. झोळ लाजल्यासारखा अर्धवट ठेवू नका. मुद्दाम केलाय असं दिसलं की छान दिसतो, चुकून राहिला असं दिसलं की घर भाड्याचं वाटतं.

माप बरोबर, तरी अंगावर येतंय

ही तक्रार आली की मी टेप काढतच नाही. आधी बल्ब पाहते. दर दोनातल्या एका घरात, निदान मी गेलेल्या, आठ होल्डर असतात आणि आठांतही साठ वॉटच्या जुन्या बल्बइतका प्रकाश देणारे, म्हणजे जवळपास ८०० ल्युमेनचे (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) पांढरेशुभ्र एलईडी. सगळे मिळून ६,४०० ल्युमेन. १२ बाय १४ ची खोली म्हणजे साडेपंधरा चौरस मीटर. बसण्या-उठण्याच्या खोलीला चौरस मीटरमागे दीडशे ल्युमेन धरले तर साधारण २,३५०. भिंती, छत आणि काच यांत जिरणारा धरून दीडपट करा, ३,५०० झाले. इथे जवळजवळ दुप्पट ओतलाय. एवढ्या झगझगाटात झुंबराचा आकार, नक्षी काही दिसत नाही, नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो, आणि तो गोळा मूळ झुंबरापेक्षा मोठा भासतो. जुन्या चाळीस वॉटच्या तोडीचे, ४७० ल्युमेनचे, २,७०० केल्विनचे उबदार बल्ब लावून बघा. आठांचे ३,७६० होतात, काम भागतं. डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं बटण, लावणार असाल तर बल्ब आणि डिमर दोन्ही एकमेकांना चालणारे घ्या. जुन्या पिवळ्या बल्बांसाठीचा डिमर एलईडीला लावला की ते लुकलुकतात नाहीतर गुणगुणतात.

दुसरं कारण म्हणजे पोत. कापडी ढोलासारखं बंद झुंबर आणि बारीक तारांचं पोकळ झुंबर, व्यास तोच असला तरी पहिलं डोळ्यांना कितीतरी जड. पोकळ, आरपार दिसणारं असेल तर हिशेबापेक्षा थोडं मोठं चालतं. भरीव असेल तर दोन-तीन इंच कमीच घ्या. गडद रंगाची भिंत, बुटकं छत आणि भरीव काळं झुंबर हे त्रिकूट मी तरी कोणाला सुचवणार नाही.

सीलिंग फॅन असलेल्या खोलीत एक निराळीच कटकट होते. झुंबराचे दिवे पात्यांच्या पातळीच्या वर आले आणि पंखा जवळ असला की प्रकाश पात्यांनी तुकड्या-तुकड्यांनी कापला जातो आणि भिंती थरथरतात. डोकं उठतं अक्षरशः. शिवाय लोलक वाऱ्याने किणकिणतात. ते पहिल्या दिवशी गोड वाटतं, तिसऱ्या रात्री नाही. दिवे पात्यांच्या पातळीखाली आणा, किंवा दोघांत अंतर ठेवा. ४८ इंची पंखा आणि २४ इंची झुंबर असेल तर मी मध्यापासून मध्यापर्यंत पाच फुटांच्या आत जात नाही.

वजन

माप मोठं केलं की वजन वाढतं, आणि ते कोण उचलणार हे विचारल्याशिवाय मोठं माप ठरवू नका. जिप्समचं किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग झुंबर उचलत नाही. ते फक्त झाकतं. हुक वरच्या स्लॅबमध्ये किंवा तुळईत अँकर फास्टनरने, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणाऱ्या बोल्टने, बसला पाहिजे आणि वजन साखळीने पेललं पाहिजे, वायरने कधीच नाही. लोंबत्या दिव्यांची टांगणी तपासायची आयईसी ६०५९८ या आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत अशी आहे: दिव्याच्या चौपट वजन लावून ते एक तास ठेवायचं. घरच्या हुकालाही हाच मान धरा. १० किलोचं झुंबर असेल तर ४० किलोंना डगमगणार नाही असा हुक हवा. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून मजबुती पाहिली होती, अशी कथा सांगतात. आपल्याला हत्ती लागणार नाही, पण त्यामागचा विचार तोच.

जिन्याच्या पोकळीत किंवा दुमजली उंचीच्या दालनात व्यासापेक्षा लांबी महत्त्वाची. १८ फूट उंचीला ४५ ते ५४ इंच लांबीचं, दोन-तीन थरांचं झुंबर लागतं. शक्यतो खालचं टोक वरच्या मजल्याच्या जमिनीच्या पातळीखाली आणू नका, प्रत्येक पायरीवर ७ फूट डोकं मोकळं राहतंय ते पाहा, आणि कठड्यावरून मुलाचा हात तिथवर पोचत नाही याचीही खात्री करा. बल्ब बदलायला शिडी कुठे उभी करणार, हेसुद्धा आत्ताच ठरवा.

आधी छत्री टांगा

हे सगळे आकडे करूनही मन धजत नसेल तर घरातली लांब दांड्याची, वाकड्या मुठीची छत्री घ्या. उघडा आणि मूठ वर करून हुकाला दोरीने टांगा. छत्री उलटी होऊन वाडग्यासारखी लोंबेल, झुंबरासारखीच. दोरीची लांबी अशी ठेवा की छत्रीचं टोक तुमच्या ठरलेल्या उंचीवर येईल. आडवी मोजून पाहा. मोठी छत्री बहुधा ३६ ते ४० इंच भरते. ती जास्त होत असेल तर पुठ्ठ्याची चकती हव्या त्या व्यासाची कापा आणि तीन दोऱ्यांनी आडवी टांगा. एक-दोन दिवस राहू द्या. दारातून पाहा, सोफ्यावर पडून पाहा, कपाटाचं दार पूर्ण उघडून पाहा. कपाटाचं दार हा कायम विसरला जाणारा शत्रू आहे. माझ्या पुढच्या खरेदीच्या वेळी मी छत्रीच टांगली होती. घरचे हसले, पण ३३ ऐवजी ३० इंच पुरेल हे त्या छत्रीनेच सांगितलं, कारण खोलीतलं पुस्तकांचं उंच कपाट हिशेबात धरायचं राहिलं होतं.

लावून झालंय, परत घेत नाहीत

लहान पडलं असेल तर छताला वाटीभोवती मोठी गोल नक्षी बसवा. डोळा दोन्ही मिळून एक वस्तू समजतो आणि झुंबर भरल्यासारखं दिसतं. खाली टेबल असेल तर साखळी दोन-तीन कड्यांनी सोडा. खाली आलं की मोठं वाटतं. तेवढ्याने भागलं नाही तर ते लहान खोलीत हलवा. माझं २० इंची आता अभ्यासाच्या ९ बाय ११ च्या खोलीत आहे, तिथे हिशेबही २० च येतो, आणि तिथे ते राजासारखं दिसतं.

मोठं पडलं असेल तर उपाय कमी आहेत. साखळी आखडा, बल्ब मंद करा, सगळ्यात बाहेरची लोलकांची माळ सुटी होत असेल तर काढून ठेवा. ते खोलीच्या मध्यावर खुपत असेल तर खाली बैठं टेबल सरकवा, म्हणजे कोणी त्याच्याखालून चालणारच नाही. साखळी कमी करताना कड्या पक्कडीने वाकवून सुट्या करा, वायर मात्र लगेच कापू नका, वाटीत गुंडाळून मावत असेल तितकी राहू द्या. आणि काढलेल्या कड्या नीट पिशवीत घालून मीटरच्या खोक्यात ठेवा. वर्षभराने टेबल बदलतं, तेव्हा त्याच चार कड्या शोधत सगळं घर पालथं घातलं जातं.